आमच्या घरची कावीळ

आमच्या घरात देव नाहीत, पण कावीळ आहे. म्हणजे कावीळ उतरवायचं औषध आहे. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव गाठोड्यात बांधून तलावात सोडले, पण हे औषध ठेवलं. मग हे कायले ठेवलं, असं कुणी विचारलं की आजोबांचं उत्तर ठरलेलं असायचं, "थो देव नोय. थे औषध होय." त्यांच्यामागून ते बाबांकडे आलं आणि बाबांनंतर माझ्या मोठ्या भावाकडे, दादाकडे. एकोडीला आमचं घर आहे, थोडी धानाची शेती आहे आणि दर रविवारी-बुधवारी सकाळी दादाच्या अंगणात कावीळवाल्यांची रांग असते.

त्याची रीत सांगते. दादा आंघोळ करून, काही न खाता, एका झाडाची साल कुटून रस काढतो. कोणत्या झाडाची ते सांगायचं नाही, नाव घेतलं की गुण जातो. रोग्याच्या दोन्ही हातांना कोपरापासून बोटांपर्यंत तो रस चोळायचा, मग परातीवर हात धरायला लावून वरून चुन्याची निवळी ओतायची. निवळी दिसायला साध्या पाण्यासारखी, पण परातीत पडते ती हळदीसारखी पिवळी होऊन. "पाय, निघून राहिली," दादा म्हणतो. असं तीन वेळा यायचं. तेलकट बंद, दारू बंद, उन्हात राबणं बंद, मुगाची पातळ खिचडी खायची. पैसा घ्यायचा नाही, रोग्याच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. चिखल्याच्या खाणीतली माणसं येतात, जवाहरनगरचे फॅक्टरीतले पगारदार येतात, बूट अंगणाबाहेर काढून रांगेत बसतात.

आजोबांच्या काळात गावात ज्यांच्या ओट्यावर त्यांना चढू देत नव्हते, ती माणसं कावीळ झाली की आमच्या अंगणात येऊन हात पुढे करायची. आजोबा ते हात आपल्या हातात घेऊन चोळायचे. घरी गेल्यावर ती माणसं आंघोळ करायची की आणखी काय करायची, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण तेवढा वेळ हात द्यावाच लागायचा. आई ही गोष्ट सांगायची तेव्हा तिचा आवाजच बदलायचा. मीही ते ऐकत मोठी झाले आणि खरं सांगते, मला त्या परातीचा लई गर्व होता.

झाडाचं नाव मात्र मला कुणी सांगितलं नाही. लेकीला सांगत नसतात, लेक दुसऱ्याच्या घरी जाते. माझं डोस्कं फिरलं. माझा स्वभावच तसा आहे, नाही म्हटलं की तेच करून पाहायचं. नागपूरला प्रयोगशाळेचा कोर्स करत होते तेव्हा सुट्टीत घरी येऊन घरामागच्या पाच झाडांच्या साली पिशवीत भरून नेल्या. होस्टेलच्या मोरीत एकेक साल ठेचली, पानठेल्यावरून चुना आणला आणि माझ्याच हातांवर लावून पाहिलं. चौथी साल आंब्याची होती. पाणी पिवळंधम्मक झालं. मला ना कावीळ होती, ना ताप, ना काही. मी कितीतरी वेळ हात धूत बसले.

आणि चूप बसले. तीस वर्षं चूप बसले. म्हटलं, दादा कुणाचा पैसा घेत नाही. कावीळ बऱ्याचदा आराम केला, तेल सोडलं तर आपोआप उतरते, आणि तेच तर तो सांगतो. कुणाचं काय बिघडतं? अशी माझी समजूत मीच घातली.

बरं, मी काही गप्प बसणारी बाई नाही हो. ज्या सरकारी ग्रामीण रुग्णालयात मी रक्त तपासते तिथे मला मागून "तक्रारवाली" म्हणतात. म्हणोत बापडे. आठवडी बाजारात जीप लावून साखरेच्या आजारावर भुकटी विकणारा आला, मी तक्रार केली. गावोगाव सुया टोचत फिरणारा एक होता, कशाचीच पदवी नाही, त्याची केली. भोंग्यावर "ग्यारंटी" ओरडणाऱ्या मूळव्याधवाल्याची केली. सरकारनं लोकांना वाचवलं पाहिजे, नाहीतर सरकार पाहिजे कायले, असं मी डबा खाताना रोज म्हणायचे. आमचे डॉक्टर एकदा हसत म्हणाले, "मॅडम, माणसाला फसायचाही हक्क असतो." मी म्हटलं, "सर, तुमच्या घरचं कोणी फसू द्या, मग बोलू." आणि हे सगळं बोलून झालं की रविवारी एकोडीला जायचे, दादाच्या परातीशेजारी बसून वहिनीच्या हातचा चहा प्यायचे. या दोन्ही गोष्टी एकच बाई कशी करत होती, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

गेल्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत आमच्याकडे रुग्णालयात एकोडीचीच एक पोरगी आणली. अकरा वर्षांची, आमच्या मागच्या गल्लीतली, शेतकऱ्याची लेक. आईनं तिला लहान लेकरासारखं खांद्यावर टाकून आणलं होतं. एरवी मी माणसांकडे फार पाहत नाही, माझं काम नळ्यांशी. पण तिच्याकडे पाहिलं. ओठ पांढरे, डोळे पिवळे, पाय इतके दुखत होते की हात लावू देईना. रक्त काढलं तर पातळ पाण्यासारखं. हिमोग्लोबिन साडेतीन आलं. यंत्राचं काहीतरी चुकलं म्हणून मी पुन्हा लावलं. पुन्हा साडेतीन. मग सिकलसेलची चाचणी लावली, आणि नळीतलं पाणी असं गढूळ झालं की मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनात. गढूळ म्हणजे सिकलसेल.

सिकलसेल आमच्या भागात नवा नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, फुटतात, रक्त कमी होतं, हाडं ठणकतात आणि डोळे पिवळे पडतात. पाहणाऱ्याला ती कावीळच वाटते. अटॅक येतो, आठ-दहा दिवसांनी ओसरतो, पुन्हा येतो.

"कावीळच होय ना बाई?" तिची आई मला विचारत होती. मी गावची लेक, म्हणून ती मला मॅडम म्हणत नाही. "दादाकडं चार डाव नेलं. चारही डाव पानी पिवळंच निघालं. दर डाव आठ दिवसांत बरी होऊन जाये. या डावच काहून अशी झाली?"

पोरीला एकशे आठच्या गाडीनं भंडाऱ्याला पाठवलं, तिथे रक्त चढवलं. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं तिथल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं.

त्या संध्याकाळी मी कोरा कागद घेतला आणि बोगस डॉक्टर शोधणाऱ्या तालुक्याच्या समितीच्या नावानं अर्ज लिहिला. दादाचं नाव, गाव, वार, सगळं लिहिलं. आंब्याची सालही लिहिली. राग मावत नव्हता. दादावरचा होताच. त्या होस्टेलच्या मोरीत हात धूत बसलेल्या पोरीवरचाही होता. तीस वर्षं चूप राहिलीस ना, घे आता!

दुसऱ्या दिवशी तो अर्ज मी आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. "सख्खा भाऊ?" म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी अर्ज परत माझ्या हातात दिला. ते म्हणाले, "मग कागद तरी पक्के जोडा. या मुलीची आधी कधी तपासणी झाली होती का? शाळांमध्ये शिबिरं झाली होती ना आपली?"

झाली होती. मीच घेतली होती. कपाटातून तीन वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, एकोडीच्या शाळेचं पान काढलं. मुलीचं नाव होतं, वर्ग तिसरा, आणि पुढे निळ्या शाईत "पॉझिटिव्ह". त्यापुढचा रकाना, नमुना पक्क्या तपासणीला भंडाऱ्याला पाठवला का, कोरा. त्यापुढचा, आईवडिलांना कळवलं का, तोही कोरा. खाली सही होती. माझी.

आता गं माय! मी ते पान किती वेळा पाहिलं, मोजलं नाही. वाटलं, दुसऱ्या कुणी माझ्यासारखी सही केली असेल. माझ्यासारखा लांब शेपटीचा "र" या दवाखान्यात दुसरं कोणी काढत नाही. त्या आठवड्यात काय झालं होतं, तेही मला आठवेना. लेकीच्या बाळंतपणाला रजेवर गेले होते का? नमुने ठेवायचा फ्रीज बंद पडला होता का? की नुसतंच राहून गेलं? एवढी मोठी चूक, निदान आठवावी तरी ना! सरकारनं लोकांना वाचवलं पाहिजे म्हणत होते मी. तर त्या दिवशी एकोडीच्या शाळेत सरकार म्हणून मीच गेले होते, पांढरा कोट घालून, पोरांना बिस्किटं वाटत. डॉक्टरांना मी सांगितलं की पान सापडत नाही, उद्या पाहते. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांशी खोटं बोलले.

रविवारी अर्ज पर्समध्ये आणि त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन एकोडीची एसटी पकडली. अंगणात दहा-बारा माणसं होती. दादा एका म्हाताऱ्याचे हात चोळत होता. मी चप्पल न काढताच म्हटलं, "दादा, हे आजपासून बंद."

"बस ना बाई. पानी पे," दादा म्हणाला.

"पाणी नको. बंद कर आधी."

"लोकं बसून आहेत न. होऊ दे एवढे."

मग माझा तोल गेला. मी पदर खोचला, वाटीतला रस घेतला आणि सगळ्यांसमोर माझ्या दोन्ही हातांना खसाखसा चोळला. "पाहा सगळे जण. मला कावीळ नाही, काही नाही, कालच स्वतःचं रक्त तपासून आले. हा आंब्याच्या सालीचा रस आहे. यात चुना पडला की कोणाच्याही हातावर पिवळं होते. पाहा!" आणि निवळीचा तांब्या उचलून ओतला. परातीत पिवळंधम्मक पाणी पडलं.

वहिनी दारात उभी, तोंडावर हात. मला वाटलं, झालं, संपलं, आजोबांची पुण्याई मी आज मातीत घातली.

तेवढ्यात तो म्हातारा पुढे वाकून परातीत पाहत म्हणाला, "अरे बापा! बाईलेबी हाय!"

"तरीच," मागून एक बाई बोलली, "तरीच एवढी चिडते. पित्त डोस्क्यात गेलं का मानूस चिडतेच."

"अन् दवाखान्यात राहून तिले समजलं नाई पाय," तिसरा म्हणाला. "मशीनमंधी येत नाई ते. दादाकडंच निघते."

मी ओरडून ओरडून सांगितलं. जितकी ओरडले तितकी त्यांना माझी जास्त दया आली. एकानं मला सावलीत बसवलं, एकीनं मुगाच्या खिचडीत तूप घालू नको म्हणून बजावलं. कुणीतरी मोबाइलवर सगळ्याचा व्हिडिओ काढत होता. सोमवारी मी कामावर पोचायच्या आत ते दवाखान्यात पोचलं होतं. शिपाई फार काळजीनं म्हणाला, "मॅडम, लेबॉरेटरीत आज दुसऱ्याला बसवू का?"

पण ते सोमवारचं. रविवारी दुपारी सगळे गेल्यावर दादा परात घासत होता. मी त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"मले का मालूम नाई?" तो मान वर न करता म्हणाला. "बाबानं शिकवलं त्याच दिवशी मी सोताचे हात धुऊन पाहिले. पिवळं झालं. बाबाले इचारलं, हे काय होय? बाबा म्हने, पानी नुसतं बहाना होय. हात हातात आला का मानूस आयकते. तसंच सांगशील, तेल खाऊ नोको, दारू पेऊ नोको, तं कोन आयकते आपलं?"

भांडायला आले होते, आणि भांडण कुठून धरावं तेच कळेना. हा माणूस लबाड आहे की नाही? आणि माझे आजोबा? ज्यांच्या हातात ते हात यायचे, त्यांनाही ठाऊक होतं का? आईच्या बदलणाऱ्या आवाजाचं मग मी काय करू?

"पण त्या पोरीचं काय दादा?" मी म्हटलं.

दादाचे हात थांबले. "चार डाव धरले तिचे हात. चौथ्या डाव गरम लागत होते. म्या म्हनलं, उन्हातून आली असन." वहिनीनं आतून हाक मारली तरी ओ दिली नाही.

मी पर्समधून अर्ज काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याला वाचायला वेळ लागतो, बोट लावून वाचतो. वाचून झाल्यावर म्हणाला, "बरोबर लिवलं. दे." मग मी मोबाइलमधला फोटो दाखवला. हा कोणता कागद, म्हणाला. मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, कोऱ्या रकान्यांसकट. त्यानं फोटो मोठा करून पाहिला, सही पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

"मंग याचा अर्ज कोनाकडं करतेत?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

त्या दिवशी आमचं एवढंच ठरलं की यापुढे रक्ताची चिठ्ठी आणल्याशिवाय दादा कुणाचे हात धुणार नाही. त्यानं ते पाळलं. तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी माझ्या खिडकीपुढे रांग लागते. "दादानं पाठवलं, चिठ्ठी पाहिजे," म्हणतात. भिंतीवर रंगवलेल्या सूचनांनी, घरोघरी वाटलेल्या पत्रकांनी जी माणसं कधी आली नाहीत, ती परातीसाठी येतात. त्यात तीन लेकरं सिकलसेलची सापडली, तिन्हींचे रकाने मी लगेच भरले. आमचे डॉक्टर म्हणतात, तुमच्या भावाला आपल्याकडे ठेवून घ्यायला पाहिजे. ते हसतात. मला हसू येत नाही. पाणी तर अजून खोटंच आहे ना! ज्या दिवशी कुणी चिठ्ठीवरचं वाचणार नाही आणि पाण्यावर विश्वास ठेवील, त्या दिवशी काय? मग वाटतं, बंद केलं तर ही माणसं माझ्याकडे येतील, की जीपवाल्याकडे जातील? अर्ज अजून पर्समध्ये आहे. घडीवर फाटायला आलाय. डॉक्टरांना ते पान मी शेवटी दाखवलं. त्यांनी पाहिलं, लेखी खुलासा द्या म्हणाले आणि रजिस्टर मिटलं. खुलाशात काय लिहायचं ते मला सुचलेलं नाही.

ती पोरगी वाचली. दर महिन्याला आईसोबत येते, रक्त तपासून घेते, औषधाच्या खिडकीवरून सिकलसेलच्या कॅप्सूल घेऊन जाते. रोज एक, चुकवायची नाही, भरपूर पाणी प्यायचं. मला आत्या म्हणते. तिच्यापुढे माझी मान खाली जाते. तिच्या आईला मी त्या पानाचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, ती रडली, आणि पुढच्या महिन्यात माझ्यासाठी घरचे लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन आली. ते वडे मी कसे खाल्ले ते माझं मला ठाऊक.

या महिन्यात त्या दोघी आल्या तर औषधाच्या खिडकीवर सांगितलं, कॅप्सूल नाही. वरून आलीच नाही. पुढच्या आठवड्यात पाहा. मी स्वतः आत जाऊन भांडले, खोके उघडून पाहिले, भंडाऱ्याला फोन लावला. तिथेही तेच, आज-उद्या येतील. उद्या मी स्वतः नागपूरला जाऊन बाहेरून आणते असं ठरवून बाहेर आले. बाकावर आई बसली होती, पोरगी तिला टेकून.

"नाई मिळाली?" आईनं विचारलं. "मंग बाई, तवरक दादाकडं नेऊ का?"

एवढी वर्षं मी ज्याच्यावर ओरडत आले, ते सगळं माझ्या जिभेवर आलं. आणि मी म्हणाले, "ने. रविवारी लवकर ने."

पोरीनं डोकं उचललं. "पन आत्या, तुम्ही तं म्हनलं होतं का ते पानी झूट आहे?"

"झूटच आहे."

"मंग?"

"तो तुझे डोळे पाहील, हात गरम आहे का पाहील. काही वाटलं तं मले फोन करन."

तिच्या आवाजात राग नव्हता, काही नव्हतं.

"मंग तुम्हीच काहून नाई पाहात?"

मी खाली बसले. तिची हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे, उजेडाकडे वळवलं आणि पापणी खाली ओढली. डोळे पिवळे होते.